आठ दिवसांचं मंत्रिपद आणि आपलं खातं

सिरसाळ्याहून तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडं द्या.

आज एका मंत्र्याविषयी बोलायचंय. आपल्याच परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचे गोपीनाथराव मुंडे. आपल्याकडं नुसतं 'साहेब' म्हटलं तरी कळतं. पण आधीच सांगते, हे कुठल्या पक्षाचं भाषण नव्हे. त्यांना मत देणाऱ्या बायाही हे ऐकतायत आणि न देणाऱ्याही. मला त्यांची कारकीर्द एका वेगळ्या कामासाठी सांगायचीय. जिल्हा परिषदेपासून दिल्लीच्या मंत्रिमंडळापर्यंत ते एकेक पायरी चढत गेले. त्या पायऱ्या नीट बघितल्या, तर कोणत्या पदाच्या हातात काय असतं आणि आपण आपलं काम घेऊन कुणाकडं जायचं, हे कळतं. गटाच्या बैठकीत आपण नेहमी म्हणतो, "साहेबांना सांगायला पाहिजे." कोणत्या साहेबांना, ते आज बघू.

मुंडे साहेबांचा जन्म १२ डिसेंबर १९४९ चा, नाथ्र्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. आईचं नाव लिंबाबाई, वडिलांचं पांडुरंग. प्राथमिक शाळा गावात, पुढची शाळा परळीला, कॉलेज अंबाजोगाईला. १९६९ मध्ये वडील वारले. त्यानंतर आईनं आणि थोरल्या भावानं, पंडितअण्णांनी, त्यांचं शिक्षण थांबू दिलं नाही. घरचा कर्ता माणूस गेला की पहिली शाळा सुटते, हे आपण किती घरांत बघतो. त्या घरात ती सुटली नाही. वाणिज्य शाखेची पदवी झाली, मग कायदा शिकायला ते पुण्याला गेले. अंबाजोगाईच्या कॉलेजातच प्रमोद महाजन भेटले आणि दोघं विद्यार्थी चळवळीत पडले. १९७५ ला आणीबाणी लागली, तेव्हा त्यांना तुरुंगातही राहावं लागलं.

आता पायऱ्या मोजू.

पहिली पायरी जिल्हा परिषद. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला ते बीड जिल्हा परिषदेचे सदस्य झाले. बायांनो, ही पायरी बारकी समजू नका. गावची शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावागावांना जोडणारे रस्ते, जनावरांचा दवाखाना, ही सगळी जिल्हा परिषदेकडची कामं. आपल्या रोजच्या जगण्याचा निम्मा भाग तिथं ठरतो. आणि आज या पायरीवर बाईला हक्काची जागा आहे. १९९३ ला पंचायत राजची घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हा देशभर एक तृतीयांश जागा बायांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, तिन्हीकडं निम्म्या जागा बायांच्या आहेत. मुंडे साहेब ज्या पायरीवरून वर गेले, तिथंच आपल्यातल्या कितीतरी जणी आज बसतात. फक्त सहीपुरतं बसायचं की कामापुरतं, हे आपल्याला ठरवायचंय.

दुसरी पायरी आमदारकी. १९८० ला ते रेणापूर मतदारसंघातून आमदार झाले आणि पुढच्याच निवडणुकीत, १९८५ ला, पडले. हे पडणं मी मुद्दाम सांगते. आपल्याकडं बाई एकदा ग्रामपंचायतीला पडली की घरचे म्हणतात, "झाली ना हौस? बस आता." हा माणूस पडल्यावर घरी बसला नाही. त्यांनी पक्षाचं प्रदेशाध्यक्षपद घेतलं, राज्यभर फिरले आणि १९९० ला त्याच रेणापुरातून पुन्हा निवडून आले. मग १९९५, १९९९, २००४, प्रत्येक वेळी आले. निवडणूक हरली म्हणजे ओळख, अभ्यास, माणसं हरवत नाहीत.

आमदाराचं काम काय? कायदे करायचे, सरकारनं खर्चाला पैसा मागितला की त्याला मंजुरी द्यायची, आणि विधानसभेत प्रश्न विचारायचे. आमदाराला स्थानिक विकासनिधीही असतो, म्हणून आपण सभामंडप मागतो, गावातला रस्ता मागतो. मागा, चूक काही नाही. पण त्याच्याकडं मागण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न. "आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा किती महिने रिकामी आहे?" हा प्रश्न आमदारानं विधानसभेत विचारला, की मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं आणि ते उत्तर छापलं जातं.

तिसरी पायरी विरोधी पक्षनेत्याची. १९९१ ला ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. त्या काळात त्यांनी सरकारवर आरोप केले, राज्यभर संघर्ष यात्रा काढली. विरोधी पक्षनेता म्हणजे नुसता ओरडणारा माणूस, असं नाही. ते सरकारमान्य पद आहे, त्याला मंत्र्याचा दर्जा असतो. सरकारचा हिशेब मागणं हेच त्याचं काम. आपल्या गटातही एखादी मैत्रीण प्रत्येक बैठकीत वही उघडायला लावते, "हे शंभर रुपये कुठं गेले?" असं विचारते. ती कधी कधी नकोशी होते. पण गट टिकतो तो तिच्यामुळंच.

चौथी पायरी सत्तेची. मार्च १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं. मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि मुंडे साहेब उपमुख्यमंत्री झाले, गृहखातं त्यांच्याकडं आलं. मुंबईतल्या गुंडटोळ्यांवर पोलिसांनी केलेल्या कारवाईमुळं त्यांचं नाव गाजलं, आणि त्या काळातल्या चकमकींवर प्रश्नही विचारले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

याच काळातली एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कोकणात दाभोळला एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीज प्रकल्प येणार होता. विरोधात असताना त्यांच्या पक्षानं त्याच्यावर रान उठवलं होतं. सत्तेत आल्यावर तो करार तपासायला मंत्र्यांची समिती नेमली, तिचे प्रमुख मुंडे साहेबच. ऑगस्ट १९९५ ला सरकारनं करार रद्द केला. पण नंतर कंपनीशी पुन्हा बोलणी झाली, नवा करार झाला आणि प्रकल्प पुढं गेला. २००१ मध्ये विजेच्या दराच्या भांडणातून तो बंद पडला. यातून मी एवढंच घेते, की विचारणाऱ्याच्या खुर्चीतून जे सोपं दिसतं, ते ठरवणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की अवघड होतं. म्हणून कुठल्याही पुढाऱ्यानं विरोधात असताना काय म्हटलं आणि सत्तेत काय केलं, हे दोन्ही आपण लक्षात ठेवलं पाहिजे. आपल्या वहीत जमा आणि खर्च समोरासमोर लिहितो, तसंच.

आता पदाच्या बाहेरचं एक काम. ते आपल्या जिल्ह्याच्या जिवाचं आहे. ऊसतोड. दिवाळीच्या आसपास गाड्या भरतात, ट्रॅक्टर निघतात आणि आपल्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. मुंडे साहेब या ऊसतोड कामगारांचे पुढारी होते. तोडणीचा टनाचा दर साखर संघ आणि कामगार संघटना यांच्या करारात ठरतो. त्या बोलणीत कामगारांच्या बाजूनं त्यांचा शब्द वजनाचा असायचा. तोडणाऱ्यांच्या भागातला माणूस म्हणून ते बोलायचे, आणि परळीजवळ पांगरीला त्यांनी वैद्यनाथ सहकारी साखर कारखानाही उभा केला.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट आपण बायांनीच बोलायला पाहिजे. करारात दर टनाचा असतो, आणि हिशेब कोयत्याचा. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल घेतो नवरा, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. मोळ्या बांधणारी, डोक्यावर वाहून गाडी भरणारी बाई त्या वहीत कुठंच दिसत नाही. खाडा झाला तर दंड मात्र दोघांच्या नावावर चढतो. इतकी वर्षं संप झाले, दर वाढले, पण फडातल्या बाईसाठी संडास, पाणी, दवाखाना हा विषय करारात शेवटीच राहिला. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. म्हणजे आपलं दुखणं सरकारच्या कागदावर यायला इतकी वर्षं लागली. पुढारी कितीही मोठा असला, तरी त्या खोलीत आपण नसलो तर आपला विषय राहून जातो.

आज गोपीनाथ मुंडे यांच्याच नावानं ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ आहे. कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यायचं काम गावपातळीवर ग्रामसेवकाकडं दिलेलं आहे. जाण्याआधी नोंद करून घ्या. आणि नोंद नवऱ्याची एकट्याची नको, तुमचीही वेगळी करा. ओळखपत्रावर तुमचं नाव असलं तरच योजनेच्या यादीत तुमचं नाव येईल.

पाचवी पायरी दिल्लीची. २००९ ला ते बीडचे खासदार झाले, लोकसभेत त्यांच्या पक्षाचे उपनेते झाले. खासदाराच्या हातात काय असतं? रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, आणि केंद्राच्या पैशातून चालणाऱ्या योजनांवर नजर ठेवणं. नगर-बीड-परळी रेल्वेचा विषय तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. २६१ किलोमीटरचा मार्ग. त्यासाठी मुंडे साहेबांनी आवाज उठवला, त्यांच्या आधीच्यांनी उठवला, नंतरच्यांनीही उठवला. बीडपर्यंत गाडी आली ती २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. मोठं काम एका माणसाच्या कारकिर्दीत मावत नाही, पिढीला पिढी जोडावी लागते.

आणि आता शेवटची पायरी. ती आपल्या सगळ्यांत जवळची आहे आणि तीच आपण विसरतो.

२६ मे २०१४ ला त्यांनी दिल्लीत केंद्रीय मंत्री म्हणून शपथ घेतली. खातं मिळालं ग्रामविकासाचं. सोबत पंचायत राज, पिण्याचं पाणी आणि स्वच्छताही. बायांनो, या खात्यांत काय काय येत होतं, ऐका. आपले बचत गट ज्या अभियानात आहेत, ते राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान, २०११ ला सुरू झालेलं, आपण महाराष्ट्रात ज्याला उमेद म्हणतो, ते याच खात्याचं. रोजगार हमी याच खात्याची. घरकुल याच खात्याचं. खेड्यातले रस्ते याच खात्याचे. नळाचं पाणी आणि संडास, तेही त्यांच्याकडंच. देशातल्या खेड्यातल्या बाईचं जवळपास सगळं जगणं नाथ्र्याच्या माणसाच्या टेबलावर आलं होतं.

आणि ३ जूनला सकाळी, विमानतळाकडं जाताना, दिल्लीत रस्त्यावर त्यांच्या गाडीला अपघात झाला. ते आपल्याकडंच यायला निघाले होते. शपथेनंतर आठव्या दिवशी मंत्री गेले. ४ जूनला परळीत अंत्यसंस्कार झाले आणि वडिलांच्या चितेला अग्नी दिला मुलीनं, पंकजाताईंनी. लाखो माणसांसमोर. मुलीनं अग्नी द्यायचा की नाही, यावर आपल्याकडं अजून घरोघर वाद होतात. त्या दिवशी आपल्याच तालुक्यात तो वाद मिटलेला सगळ्यांनी पाहिला.

त्या दिवसांत खूप जणी रडल्या. "आता आपलं कोण?" असं म्हणाल्या. रडणं खरंच होतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या काही महिन्यांत सरकारच्या कामातच दिसलं, फक्त आपण तिकडं पाहिलं नाही.

मंत्री गेले, खातं बंद झालं का? नाही. दुसऱ्या मंत्र्याकडं गेलं. चार महिन्यांनी, २ ऑक्टोबर २०१४ ला, स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. २०१६ ला घरकुलाची योजना नव्या नावानं आली, आणि तिच्यात घर बाईच्या नावावर किंवा नवराबायकोच्या दोघांच्या नावावर करायचा नियम आहे. २०१९ ला घरोघरी नळाचं जल जीवन मिशन आलं. उमेदचे गट वाढत गेले, ग्रामसंघ झाले, प्रभागसंघ झाले. राज्यातही २०१४ ला ग्रामविकास आणि महिला-बालविकास ही खाती पंकजाताईंकडं आली आणि पाच वर्षांनी दुसऱ्यांकडं गेली. मंत्री बदलतात, पक्ष बदलतात, योजनांची नावं बदलतात. खातं, त्याचे नियम आणि त्याचा पैसा मात्र चालू राहतो. आणि तो पैसा आपल्या गावात कुणाच्या दारात उतरायचा, हे ठरतं ग्रामसभेत.

म्हणून मी म्हणते, जी बाई नुसती साहेबांची वाट बघते, तिचं काम साहेब गेले की थांबतं. जिच्याकडं अर्जाची पोच आहे, तिचं काम थांबवायला कुणाला तरी कारण लिहून द्यावं लागतं.

मग करायचं काय? तीन गोष्टी सांगते.

पहिली, दार ओळखा. घरकुल, नमुना आठचा उतारा, गावचं पाणी, नाली, दिवाबत्ती, रोजगार हमीची मागणी, हे ग्रामपंचायतीत. गटाचा निधी, बँकेचं कर्ज अडलं, तर परळीला पंचायत समितीत उमेदच्या तालुका कक्षात. शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्राची तक्रार जिल्हा परिषदेत. आमदाराकडं प्रश्न द्यायचा. खासदार जिल्ह्यातल्या केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या 'दिशा' समितीचे अध्यक्ष असतात, तिथं मांडायचा विषय त्यांच्याकडं द्यायचा. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष, जिल्ह्याचा वार्षिक पैसा कुठं जायचा ते तिथं ठरतं. प्रत्येकाकडं वेगळं काम. नळाच्या गळतीसाठी मंत्र्याच्या गाडीमागं पळण्यात अर्थ नाही.

दुसरी, ग्रामसभेला जा. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच पाहिजेत, असा कायदा आहे. आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची, हेही त्याच कायद्यात आहे. किती गावांत ती खरोखर होते? कागदावर सह्या असतात, बाया घरी असतात. आपल्या गटानं सरपंचांना आणि ग्रामसेवकांना आधीच विचारायचं, "महिला सभा कोणत्या तारखेला, किती वाजता?" सभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला कमी आकडा. म्हणजे गावातल्या दहा गटांच्या बाया नुसत्या उठून गेल्या, तरी सभा भरते. आपला विषय ठराव म्हणून लिहायला लावा आणि ठरावाचा नंबर आपल्या इतिवृत्ताच्या वहीत उतरवून घ्या.

तिसरी, पोच घ्या. अर्जाच्या दोन प्रती करायच्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. रोजगार हमीचं काम मागितलं तर तारखेची पावती मागा, कारण पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजतात. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्त्याचा हक्क आहे, आणि पावती नसली तर तो सांगता येत नाही. कुणी म्हणालं, "राहू द्या ताई, पोच कशाला, मी बघतो ना," तर हसून म्हणायचं, "भाऊ, तुमच्यावर विश्वास आहे, पण आमच्या गटाचा नियम आहे."

एवढी मोठी कारकीर्द सांगून शेवटी पावतीवर आले, म्हणून कुणाला हसू येईल. पण विचार करा. ज्यांच्या शब्दाला एवढं वजन होतं, त्यांना आपल्या खात्यात काम करायला फक्त आठ दिवस मिळाले. माणसाच्या हातात किती दिवस आहेत, हे कुणालाच माहीत नसतं. त्यांच्यावर ज्यांची माया होती, त्यांनी दरवर्षी फोटोला हार घालावा, माझं काही म्हणणं नाही. पण त्यांना शेवटी मिळालेलं खातं हे आपलं खातं आहे. ते वापरायला शिकलो, तर तो मोठा मान होईल. आणि ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, त्यांनाही हे खातं तेवढंच लागू आहे.

या महिन्याच्या गट बैठकीत एक काम करा. बचत, कर्जवसुली झाली की वहीच्या शेवटच्या पानावर गावातली अडलेली पाच कामं लिहा. प्रत्येकासमोर लिहा, दार कुणाचं. आणि त्यापुढं, अर्ज कोण करणार आणि पोच कोण आणणार. पुढच्या बैठकीला ते पान पहिलं उघडायचं. ज्या गटांकडं पोच जमा होतील, त्यांनी मला सांगा, पुढच्या वेळी तुमच्या कामांविषयी बोलू.

चला, उन्हाचं जपा. नमस्कार.